ज्येष्ठांच्या दातांसाठी एसएमएस: मजकूर, वेळ आणि तो फोन नक्की कुणाच्या हातात?

सांजवात (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. गोव्यात फोंडा-डिचोली भागात ६० वर्षांवरच्या साधारण २०० लोकांना दातांच्या आणि कवळीच्या निगेबद्दल एसएमएस पाठवायचे आहेत, १२ आठवडे. त्याची आखणी इथे मांडते. दातांचे डॉक्टर, कवळी बनवणारे, मोबाइलच्या धंद्यातले, आजारी माणसांची सेवा करणारे, सगळ्यांनी यात हात घालावा ही विनंती.

एसएमएसच का? या वयातल्या बऱ्याच लोकांकडे अजून बटणांचा फोन आहे. डेटा नाही, व्हॉट्सॲप नाही. जिथे आहे तिथे ते नातवंडांच्या हातात आहे. एसएमएसला इंटरनेट लागत नाही, फोन बंद असला तर संदेश थांबून राहतो आणि चालू झाला की येतो. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२१ मध्ये मौखिक आरोग्यासाठी मोबाइल कसा वापरावा याची मार्गदर्शिका काढली आहे, म्हणजे ही कल्पना हवेतली नाही.

आणि ज्येष्ठच का, तर त्यांचं दुखणं वेगळं आहे. हिरडी खाली सरकते, दाताचं मूळ उघडं पडतं. मुळावर वरच्या दातासारखं टणक इनॅमल नसतं, त्यामुळे तिथे कीड लवकर लागते. त्यात रक्तदाबाच्या, झोपेच्या, ॲलर्जीच्या, लघवीच्या गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं. लाळ कमी झाली की आम्ल धुऊन जात नाही. हे सगळं न दुखता चालू असतं. दुखायला लागतं तेव्हा बहुतेक वेळा दात काढायचीच वेळ आलेली असते.

माझा आराखडा: पहिले दोन आठवडे दिवसाआड, मग आठवड्यातून दोन, शेवटचा महिना आठवड्यातून एक. वेळ रात्री सव्वाआठ. भाषा मराठी. चुका काढा.

----

शब्दमोजणी

सगळ्यात आधी लांबी, कारण खर्चाचं आणि वाचण्याचं दोन्हीचं गणित तिथेच बिघडतं.

रोमन लिपीतल्या एका एसएमएसमध्ये १६० अक्षरं बसतात. देवनागरी वापरली की मर्यादा ७० वर येते. ७० च्या वर गेलात की संदेशाचे तुकडे पडतात आणि प्रत्येक तुकड्यात फक्त ६७ उरतात, कारण तुकडे जोडायची माहिती तिथे जागा खाते. पैसे तुकड्यांवर लागतात.

शिवाय ७० म्हणजे डोळ्यांना दिसणारी ७० अक्षरं नव्हेत. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, पाय मोडल्याची खूण, मोकळी जागा, टिंब, सगळं वेगळं मोजलं जातं. 'दात' म्हणजे ३. 'स्वच्छ' म्हणजे ६. म्हणून जोडाक्षरांनी भरलेली सरकारी मराठी एसएमएसमध्ये महाग पडते. हे बघा:

"आपल्या मौखिक आरोग्याच्या दृष्टीने दिवसातून दोन वेळा दात स्वच्छ घासणे अत्यंत आवश्यक आहे." ८७ खुणा, म्हणजे दोन तुकडे.

"रात्री जेवणानंतर दात घासून मगच झोपा." ३६ खुणा. अर्धी जागा शिल्लक, आणि नेमकं काय करायचं ते कळलं.

२०० जणांना आठवड्याला २ संदेश, १२ आठवडे, म्हणजे ४,८०० तुकडे. तोच मजकूर दोन तुकड्यांत गेला तर ९,६००. जुन्या बटणांच्या फोनवर तुकडे कधी उलटसुलट क्रमाने येतात, कधी दुसरा येतच नाही. "गरम पाणी वापरू" एवढंच दिसलं आणि "नका" पोहोचलं नाही तर काय होईल, विचार करा. म्हणून नकार असेल ते वाक्य कधीच तुकड्यावर तुटू द्यायचं नाही.

अजून एक: संदेशात 'आज' लिहू नका. सत्तरी, सांगे, काणकोणच्या आतल्या वाड्यांवर नेटवर्क येतं-जातं, पावसात वीज गेली की फोन चार्ज नसतो. संदेश कंपनीकडे थांबतो आणि दुसऱ्या दिवशी पडतो. 'आज दुपारी या' हे बुधवारी वाचलेल्या माणसाने काय समजायचं? वार आणि तारीख लिहा.

----

मळेवाट

दंतवैद्यकाच्या बाजूने लिहितो. सांजवातताई, आखणी चांगली आहे, पण "२०० लोकांना" एकच संदेश हे बदला. आधी तोंडात काय आहे ते पाहून चार याद्या करा: सगळे किंवा बरेचसे स्वतःचे दात असलेले, थोडे दात आणि काढघालीची अर्धी कवळी असलेले, पूर्ण कवळीवाले, आणि अंथरुणाला खिळलेले, ज्यांचा संदेश त्यांना नाही तर सेवा करणाऱ्याला जायला हवा. पूर्ण कवळी असलेल्या आजींना "दात दोनदा घासा" असा संदेश दोनदा गेला की तिसरा त्या उघडतच नाहीत. हे आपल्यासाठी नाही, असं त्यांचं मत झालेलं असतं.

एका संदेशात हाताला करायचं एकच काम. कारण सांगायचं ते शिबिरात, समोरासमोर. संदेशाने फक्त त्या वेळेला आठवण करून द्यायची.

स्वतःचे दात असलेल्यांसाठी माझ्या मते ही कामं, महत्त्वाच्या क्रमाने.

रात्रीचं घासणं. सकाळी सगळेच घासतात. झोपेत लाळ जवळपास थांबते, म्हणून रात्री दातांवर राहिलेलं अन्न सगळ्यात जास्त नुकसान करतं.

फेस थुंकायचा, पण लगेच पाण्याने खळखळून चूळ भरायची नाही. पेस्टमधलं फ्लोराइड दातांवर राहिलं तरच उपयोग. "ब्रश झाल्यावर फेस थुंका. पाण्याने चूळ भरू नका." हे ४६ खुणांत बसतं. ही सवय मोडायला सगळ्यात कठीण, तेव्हा हा संदेश १२ आठवड्यांत तीन-चार वेळा गेला तरी चालेल.

पेस्टमध्ये फ्लोराइड आहे का ते पाहणं. आपल्याकडे पेस्टमध्ये १००० पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत हजार भाग) फ्लोराइडची परवानगी आहे. बऱ्याच वनौषधी पेस्टमध्ये ते अजिबात नसतं, आणि तसं वेष्टनावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलंही नसतं. ज्येष्ठांना ती बारीक अक्षरं दिसत नाहीत, म्हणून "पेस्टचं खोकं नातवाकडून वाचून घ्या, फ्लोराइड लिहिलंय का पाहा" असा संदेश द्या. मुळांवर कीड लागलेली असेल तर जास्त फ्लोराइडचा लेप किंवा पेस्ट डॉक्टरने द्यायची असते. ती गोष्ट एसएमएसची नाही.

ब्रश मऊ, दोन मिनिटं, तीन महिन्यांनी नवा. संधिवाताने मुठीत ब्रश धरवत नसेल तर दांड्याला सायकलच्या हँडलचं रबर किंवा जाड कापड गुंडाळा. हे शिबिरात करून दाखवा, संदेशात नुसतं आठवा.

आंबट खाल्ल्यावर, म्हणजे लिंबूपाणी, कोकमचं सार, कैरी, अर्धा तास ब्रश नको. आम्लाने मऊ पडलेला पृष्ठभाग घासला की झिजतो. हा संदेश एप्रिल-मेमध्ये.

आणि एक संदेश दोन तुकड्यांचा झाला तरी पाठवाच: "तोंडातली जखम १५ दिवसांत भरली नाही तर दाखवायला या. दुखत नसली तरी या." हा ६७ खुणांचा आहे, खाली पाठवणाऱ्याचं नाव जोडलं की ७० च्या वर जातो. जाऊ दे. शेवटचं वाक्य काढू नका. तोंडाचा कर्करोग सुरुवातीला दुखत नाही, आणि दुखत नाही म्हणूनच लोक थांबतात.

----

कवळीघर

कवळीबद्दल मी सांगतो. लोक कवळी टूथपेस्टने घासतात. पेस्ट खरखरीत असते, ॲक्रिलिकवर बारीक ओरखडे पडतात, त्यात बुरशी आणि डाग बसतात. साधा साबण किंवा भांड्यांचा पातळ साबण आणि मऊ ब्रश पुरे. उकळतं पाणी कधीच नाही: ॲक्रिलिक वाकडं होतं आणि वाकडी झालेली कवळी पुन्हा बसत नाही. धुताना खाली बेसिनमध्ये पाणी भरून ठेवायचं किंवा टॉवेल पसरायचा. कवळ्या तोंडात कमी आणि बेसिनवर पडून जास्त तुटतात. रात्री काढून पाण्यात ठेवायची, कोरडी ठेवली तर आकार बदलतो. रात्रंदिवस घातली तर टाळू लाल होतो, बुरशी धरते, ओठांच्या कोपऱ्यांना चिरा पडतात.

तुमच्या मोजणीप्रमाणे: "रात्री कवळी काढा. साबणाने घासा. पाण्यात ठेवा." ४५ खुणा. पुढे " - दंत विभाग" जोडलं तर ५७. यात तीन कामं आहेत हे मळेवाट यांच्या नियमात बसत नाही, पण ती एका जागी, एका मिनिटात, एकापाठोपाठ होतात, म्हणून मला चालतील असं वाटतं.

दुसरा संदेश सकाळचा: कवळी घालण्याआधी ओल्या मऊ फडक्याने हिरड्या, टाळू आणि जीभ पुसा. पूर्ण कवळीवाल्यांना वाटतं, दात गेले म्हणजे काम संपलं.

तिसरा: कवळी सैल झाली, टोचते, तर घरी कानशीने घासू नका, सुपरग्लूने चिकटवू नका. तुटलेली कवळी तुकड्यांसकट आणा. गोंद लावलेली कवळी दुरुस्त करताना तुकडे जुळत नाहीत.

ब्लीचच्या पाण्यात कवळी बुडवायचा सल्ला मात्र एसएमएसने देऊ नका. पातळ करण्याचं प्रमाण आणि १० मिनिटांची मर्यादा, दोन्ही पाळावं लागतं, आणि धातू असलेल्या अर्ध्या कवळीला ते चालतच नाही, गंजते. यात चूक झाली तर तोंड भाजतं.

----

कुळागर

मराठी एवढीच भाषा पुरणार नाही. गोव्यात आज ७५ च्या पुढचा माणूस शाळेत गेला तो १९६१ च्या आधी. कुणी खासगी मराठी शाळेत, कुणी पोर्तुगीज शाळेत, बऱ्याच बायका कुठेच नाहीत. घरी कोंकणी बोलणाऱ्या हिंदू आजोबांना मराठी वाचायची सवय असते. पण सासष्टी, बार्देस, तिसवाडीतल्या ख्रिस्ती आजी प्रार्थनेचं पुस्तक रोमी लिपीत वाचतात. त्यांना देवनागरी एसएमएस म्हणजे फक्त रेघोट्या. नोंदणीच्या कागदावर "भाषा" नको, "कुठल्या अक्षरांत वाचता?" असं विचारा आणि दोन्ही लिपींतली एकेक ओळ छापून वाचायला द्या. "वाचता येतं का?" या प्रश्नाला संकोचाने हो म्हणतात.

रोमी कोंकणीत १६० अक्षरांची चैन आहे असं वाटेल. पण नाकातला उच्चार दाखवायला स्वरावर जी लहर काढतात, ती साध्या संचात नाही. एक लहरवाला स्वर आला की सगळा संदेश युनिकोडमध्ये (देवनागरीला लागते त्या पद्धतीत) जातो आणि मर्यादा पुन्हा ७०. वर्डमधून नक्कल केलेली वाकडी अवतरणचिन्हंही हेच करतात. तेव्हा मजकूर पाठवायच्या यंत्रणेतच टाइप करा. आणि मराठीवरून कोंकणी भाषांतर करू नका, रोज कोंकणी बोलणाऱ्या ख्रिस्ती घरातल्या कुणाला तरी समोर बसवून नव्याने लिहून घ्या.

अजिबात न वाचणाऱ्यांसाठी एसएमएसच्या ऐवजी २०-३० सेकंदांचा रेकॉर्ड केलेला आवाज फोनवर पाठवा. आवाज ओळखीच्या नर्सचा असला तर लोक शेवटपर्यंत ऐकतात.

वेळेबद्दल: सव्वाआठ हिंदू घरांत बरी आहे. ख्रिस्ती घरांत तेर्साची वेळ कोणती ते विचारा, प्रार्थना चालू असताना फोन वाजलेला आवडत नाही. जेवण आणि झोप यांच्या मधली अर्ध्या तासाची खिडकी पकडायची. प्रत्येकाची "किती वाजता आडवे होता?" ही नोंद ठेवली तर दोन-तीन वेळांचे गट करता येतात. रात्री नऊच्या पुढे मात्र कुणालाच नको.

----

रानवारा

>> तो फोन नक्की कुणाच्या हातात?

शीर्षकातला हाच प्रश्न सगळ्यात मोठा आहे आणि अजून कुणी धरला नाही. केस पेपरवर जो नंबर असतो तो बहुतेक वेळा मुलाचा. मुलगा तारवार, म्हणजे जहाजावर, किंवा आखातात. म्हातारीला कवळी काढायची आठवण दुबईत जाऊन पडते. पेन्शन जमा झाल्याचा संदेश ज्या फोनवर येतो, तोही कधी सुनेकडे असतो.

उपाय सोपा आहे, वेळ मात्र द्यावा लागतो. नोंदणी करतानाच समोर बसून त्या नंबरवर चाचणीचा संदेश पाठवायचा आणि त्यांच्याच खिशातला फोन वाजतो का पाहायचं. वाजला तर उघडून वाचायला सांगायचं. इथे अडचणी लगेच दिसतात: देवनागरीऐवजी चौकोन आले तर त्या फोनला रोमन संदेश, इनबॉक्स भरलेला असेल तर जुने संदेश पुसायचे, नाहीतर नवा येतच नाही, अक्षरं बारीक असतील तर सेटिंगमधून मोठी करायची, स्मार्टफोनवर संदेश स्पॅमच्या कप्प्यात जातो का तेही बघायचं. पाठवणाऱ्याचं नाव ओळखीचं करून द्यायचं: "या नावाने येईल तोच आमचा."

फोन घरात सगळ्यांचा एक असेल तर मजकुरात आजार लिहू नका. मधुमेह, कर्करोगाची शंका, तंबाखू, काहीही नाही. कवळी असल्याचं घरातल्यांना न सांगितलेली माणसंही असतात. नोंदणीत विचारून घ्या: "संदेशात कवळी हा शब्द आलेला चालेल का?" नको म्हटलं तर 'रात्रीचं काम विसरू नका' एवढंच. त्यांना कळतं. संमती सहीने घ्या आणि कधीही थांबवता येईल हे सांगा. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदाही संमतीवरच उभा आहे.

आणि लिंक नको. एकही नाही. बँका, पोलीस, घरातले सगळे ज्येष्ठांना सांगून थकले की लिंकवर बोट लावू नका. आपण आरोग्याच्या नावाने तीच सवय मोडायची नाही. व्हिडिओ दाखवायचा तर शिबिरात दाखवा.

----

शब्दमोजणी

रानवारा यांचं सगळं मान्य. आता पाठवायचं कसं.

मोठ्या प्रमाणात पाठवायचं तर ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) २०१८ च्या नियमांप्रमाणे डीएलटीवर, म्हणजे मोबाइल कंपन्यांच्या नोंदणी पोर्टलवर, नोंदणी लागते. आधी संस्थेची नोंदणी, मग सहा अक्षरांचं पाठवणाऱ्याचं नाव, मग प्रत्येक मजकुराचा साचा मंजूर करून घ्यायचा. साच्यात बदलणाऱ्या जागा ठेवता येतात, पण प्रत्येक जागेतल्या अक्षरांना मर्यादा असते. मंजूर साच्यापेक्षा एक टिंब वेगळं असलं तरी संदेश अडतो. म्हणून १२ आठवड्यांचे सगळे मजकूर आधी पक्के करा, मग साचे टाका. साचा भरताना युनिकोड निवडायला विसरू नका. मजकुरात फोन नंबर किंवा लिंक असेल तर तीही आधी नोंदवलेली असावी लागते. २०२५ पासून नावाच्या शेवटी एक अक्षर येतं, सरकारी, सेवेचा, जाहिरातीचा कोणता ते कळायला. लोकांना नाव ओळखायला शिकवताना ते अक्षरही दाखवा.

या अक्षरी नावावर उलट उत्तर पाठवता येत नाही. "होय असेल तर १ पाठवा" असा मजकूर लिहिला तर ज्येष्ठ माणूस १ पाठवून वाट बघत बसतो. त्याऐवजी मिस्ड कॉलचा नंबर द्या आणि परत फोन कोण करणार, किती वाजता, हे ठरवल्याशिवाय तो नंबर छापू नका.

२०० ऐवजी ४० जण असतील तर डीएलटीच्या खटाटोपाआधी एका साध्या सिमवरून सुरू करा. बऱ्याच पॅकमध्ये दिवसाला १०० एसएमएस मिळतात, दोन तुकड्यांचा संदेश दोन मोजला जातो. गूगल मेसेजेसमध्ये पाठवायचं बटण दाबून धरलं की वेळ ठरवून पाठवता येतो. गट करून पाठवाल तर सेटिंगमध्ये 'प्रत्येकाला स्वतंत्र एसएमएस' निवडा, नाहीतर तो एमएमएस होतो आणि बटणांच्या फोनवर उघडत नाही. साध्या नंबरचा फायदा असा की लोक उलट फोन करू शकतात, आणि करतात.

तपासणीच्या आठवणीचा नमुना: "मंगळ. १२ तारीख, सकाळी १०. जुनी कवळी व गोळ्यांची पाकिटं आणा." ५९ खुणा. " - दंत विभाग" जोडलं की ७१. एका खुणेसाठी दुसरा तुकडा! शेवटचं टिंब काढा, ७० झाले.

----

मळेवाट

तो गोळ्यांच्या पाकिटांचा संदेश फार मोलाचा आहे, कुणी काढू नका. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, हाडं ठिसूळ झाल्याबद्दल आठवड्याची गोळी किंवा वर्षाचं इंजेक्शन घेतलेलं असेल, तर दात काढण्याआधी डॉक्टरला ते कळलंच पाहिजे. हाडांच्या त्या औषधांनंतर दात काढलेली जागा भरत नाही असं क्वचित होतं, जबड्याचं हाड उघडं राहतं. ज्येष्ठांना नावं आठवत नाहीत, पाकीट आणलं की सगळं समोर येतं आणि संदेशात आजाराचं नावही येत नाही. याच्याबरोबर एक संदेश: "दात काढायचा म्हणून कुठलीही गोळी स्वतःहून बंद करू नका." ॲस्पिरिन स्वतःच्या मनाने थांबवून येणारे पुष्कळ असतात आणि त्यातला धोका दातापेक्षा खूप मोठा असतो.

दुखऱ्या दातावर काय करू नये हेही: फेणीचा बोळा, ॲस्पिरिनची गोळी, लवंगेचं तेल नुसतं थेंबथेंब. हिरडी भाजते. कोमट पाण्याच्या पेल्यात अर्धा चमचा मीठ घालून गुळण्या करा आणि दाखवायला या. रक्तदाबवाल्यांना सांगा की पाणी थुंकायचं आहे, गिळायचं नाही.

कोरडं तोंड: जवळ पाण्याची बाटली, घोट घोट. पेपरमिंट, खडीसाखर चघळत बसायचं नाही, तीच मुळांना खाते. दम्याचा पंप वापरणाऱ्यांना: पंपानंतर चूळ भरून थुंका, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी येते. ब्रशनंतर चूळ नको आणि पंपानंतर हवी, हे दोन संदेश एकाच आठवड्यात देऊ नका, गोंधळ होतो.

----

तुळशीवृंदावन

तंबाखूबद्दल. गावाकडच्या म्हाताऱ्या बायकांना "तंबाखू खाता का?" विचारलं की नाही म्हणतात, आणि ते त्यांच्या दृष्टीने खरंच असतं. मशेरी किंवा ट्यूबमधली तपकीर ही त्यांच्या लेखी दात घासायची वस्तू आहे. १९९२ पासून दंतमंजनात आणि पेस्टमध्ये तंबाखू घालायला बंदी आहे, पण तपकीर म्हणून विकलेली ट्यूब दातांवरच फिरते. म्हणून प्रश्न असा विचारा: "दात कशाने घासता? दिवसातून किती वेळा?" पाचदा म्हणाल्या की समजा. धुमटी (तंबाखूची घरगुती विडी) ओढणाऱ्या, त्यातही जळतं टोक तोंडात धरून ओढणाऱ्या बायकांचा टाळू आवर्जून तपासा.

या लोकांना एसएमएसमध्ये उपदेश नको. सोडायची तारीख त्यांनी स्वतः ठरवू द्या. संदेश त्या तारखेच्या आदल्या संध्याकाळी, मग पहिले चार दिवस रोज, कारण तलफ तेव्हाच जोरात असते. सकाळच्या पहिल्या मशेरीच्या वेळेला म्हणजे साडेपाच-सहाला संदेश हवा, पण इतक्या लवकर फोन वाजवायला नको, तर आदल्या रात्री पाठवून "उठल्यावर आधी चहा, मग ब्रश" असं लिहा. राष्ट्रीय तंबाखूमुक्ती दूरध्वनी सेवा १८००-११२-३५६ मोफत आहे, हा नंबर मात्र संदेशात जरूर द्या. तीन बोटं उभी तोंडात मावत नाहीत, तिखट लागलं की आग होते, अशांना संदेशावर सोडू नका, त्यांना थेट बांबोळीच्या गोवा दंत महाविद्यालयात पाठवा.

----

माडाची_सावली

अंथरुणावरच्या माणसांसाठी संदेश सेवा करणाऱ्याला. गोव्यात ती बहुतेक वेळा बाहेरून आलेली मुलगी असते, तिला हिंदी किंवा कन्नड वाचता येतं, मराठी येईलच असं नाही. तिच्या नंबरची नोंद वेगळी करा आणि ती बदलली की नंबर बदला. परदेशातल्या मुलाला त्याची प्रत गेली तर तो विचारपूस तरी करतो.

क्रम असा. पलंगाचं डोकं वर घ्या, नाहीच जमलं तर माणसाला कुशीवर वळवा. कवळी आधी काढा. लहान डोक्याचा मऊ ब्रश, पेस्ट वाटाण्याएवढी किंवा त्याहून कमी, शक्यतो फेस न होणारी. तोंडात पाणी ओतायचं नाही. फेस ओल्या फडक्याने टिपून घ्यायचा. गालाच्या आत साठलेला घास काढायचा, अर्धांगाच्या रुग्णांत तो लुळ्या बाजूला राहतो. दातांच्या मध्ये स्वतःचं बोट घालायचं नाही. हे सगळं एसएमएसमध्ये मावणार नाही, म्हणून पलंगाशेजारी भिंतीवर चित्रांचा कागद लावा, आणि संदेशात "कागद बघा. डोकं वर. पाणी ओतू नका." एवढंच. चुकून श्वासनलिकेत गेलेल्या घाणीने न्यूमोनिया होतो. हे त्या मुलीला एकदा नीट समजावून सांगितलं की ती टाळाटाळ करत नाही.

----

सांजवात

खूप मोलाचं मिळालं. चार याद्या करते, चाचणीचा संदेश नोंदणीच्या टेबलावरच. ४० जणांपासून सुरू. दोन प्रश्न उरले. उपयोग झाला हे मोजायचं कसं? आणि क्लोरहेक्सिडिनचं, म्हणजे जंतू मारणाऱ्या गुळणीचं, पाणी ज्यांना दिलं आहे त्यांना रोज आठवण पाठवू का?

----

मळेवाट

मोजण्याबद्दल: 'पोहोचला' असा अहवाल म्हणजे फोनपर्यंत गेला, डोळ्यांपर्यंत नाही. "संदेश आवडतात का?" याला सगळे हो म्हणतात. फोन करून असं विचारा: "काल रात्री कवळी कुठे ठेवली होती?" पेल्यात, डब्यात, उशीखाली, तोंडात, जे असेल ते उत्तर येतं आणि त्यात खोटं बोलायला जागा राहत नाही. दर आठवड्याला यादीतल्या दहातल्या एकाला हा फोन. दात असलेल्यांचं सुरुवातीला आणि १२ आठवड्यांनी प्लाकचं (दातांवर साचणाऱ्या चिकट थराचं) मोजमाप घ्या, ० ते ३ च्या मापावर, दोन्ही वेळा त्याच तपासनिसाने. आणि संदेश थांबल्यावर तीन महिन्यांनी पुन्हा एकदा, कारण सवय टिकली की आठवणीपुरती होती ते तेव्हाच कळतं. न पाठवलेल्या ४० जणांचाही असाच कागद ठेवा, नाहीतर शिबिराने फरक पडला की संदेशाने, हे सांगता येणार नाही.

क्लोरहेक्सिडिन: ०.२ टक्क्यांचं, १० मिली, एक मिनिट, दिवसातून दोनदा, आणि पेस्टनंतर अर्धा तास सोडून, कारण पेस्टच्या फेसाने त्याचा असर कमी होतो. सुरू ठेवायची आठवण पाठवायची गरज फारशी पडत नाही, ताज्या चवीमुळे लोक ते आपणहून वापरतात. विसरतात ते थांबवायला. दोन आठवड्यांच्या पुढे गेलं की दात तपकिरी होतात, चव जाते, आणि मग ते सगळंच सोडून देतात. बाटली हातात देतानाच थांबायची तारीख काढा आणि तिच्या आदल्या संध्याकाळचा संदेश त्याच वेळी ठरवून ठेवा: "शनि. २३ पासून गुळणीचं पाणी बंद. ब्रश चालू ठेवा."